कव्हर म्हणजे फ्लेक्स नव्हे: शास्त्रीय संगीताच्या अल्बमवर या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका तबलजी काकांच्या सीडीचं कव्हर मी केलं. फोटोत ते उजवीकडे बघत होते आणि मला नावासाठी जागा डावीकडे हवी होती. म्हणून फोटो आडवा उलटवला, एका क्लिकचं काम. छापून आलेली सीडी काकांनी हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिली आणि म्हणाले, "मला डावरा केलास की रे!" तबला डाव्या हाताखाली गेला होता आणि डग्गा उजव्या. प्रती छापून झाल्या होत्या. काकांनी पैसे पूर्ण दिले, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सोलापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. पोट भरतं ते लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि वाढदिवसाचे फ्लेक्स यांवर. वर्षाकाठी चार-पाच कामं गाण्याच्या अल्बमची येतात. ती बिघडतात ती बहुतेक एकाच कारणानं: कव्हर करवून घेणारा आणि करणारा, दोघांचीही नजर फ्लेक्सवर घडलेली असते. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलेला माणूस वाचतो. अल्बमचं कव्हर आता मोबाईलवर बोटाच्या नखाएवढं दिसतं.

शुभेच्छुकांची गर्दी

मागे एका क्लासच्या मॅडमनी यादी दिली होती. गुरूंचा फोटो, गुरूंच्या गुरूंचा फोटो, गणपती, सरस्वती, तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, प्रायोजकाचा लोगो, मोबाईल नंबर आणि स्वतःचे दोन फोटो, एक गातानाचा व एक पुरस्कार घेतानाचा. जागा होती बारा सेंटिमीटर बाय बारा सेंटिमीटर. "मॅडम, गाणं कुठं ठेवायचं?" असं ओठांवर आलं होतं, पण गिऱ्हाईक आहे.

जागेचा हिशेब एकदा समोर ठेवा. एलपीचं, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीचं, कव्हर साधारण ३१ सेंटिमीटरचं होतं. कॅसेटचा दर्शनी भाग १० बाय साडेसहा. सीडी १२. फोनवरच्या यादीत उरतात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. एलपीवर शोभलेली रचना तिथं चिखल होते. त्यामुळे कलाकाराचं नाव, रागाचं नाव आणि एक चित्र एवढंच पुढं ठेवा. फोन नंबर, वेबसाइट, किंमत, क्यूआर कोड डिजिटल कव्हरवर टाकूच नका. त्यासाठी कव्हर परत येतं.

गंमत अशी, की प्रायोजक कोणी विसरत नाही, पण तबला आणि संवादिनीची साथ करणाऱ्यांची नावं हमखास गळतात. सीडीला निदान मागची बाजू होती. डिजिटल अल्बमला पाठच नसते. तेव्हा अपलोड करताना श्रेयाचे रकाने असतात, ते कंटाळा न करता भरा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या. आवाज कुणाचा हे तिथं कळावं म्हणून त्या शेवटी स्वतःचं नाव उच्चारायच्या. आपल्या तबलजीला तेवढीही सोय नाही.

फोटो

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो छपाईला घेऊ नका. एरवी पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, मोठी बाजू बहुधा १६०० पिक्सेलच्या आसपास येते. त्यातून चेहरा कापला की हातात चार-पाचशे पिक्सेल. सीडीच्या कव्हरला ३०० डीपीआयनं, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, १४०० च्या वर लागतात, डिजिटलसाठी ३००० बाय ३००० मागतात. कलाकाराला सांगा, फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा किंवा पेन ड्राइव्ह घेऊन या.

मैफिलीतला फोटो वापरायचा तर माईकचा दांडा नाकावर आलेला नसावा. मांडीशेजारची पाण्याची बाटली पुसून टाका. आणि उलटवण्याचा मोह झाला तर आधी पुरावे बघा: नऊवारी असो की पाचवारी, आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो, पुरुषांच्या जाकिटाची डावी बाजू वर येते, आणि पेटीचा खर्ज, म्हणजे खालचे सूर, वादकाच्या डावीकडे असतो. यातलं काहीही उलटं दिसलं, की जाणकार आधी तेच बघतो आणि गाणं नंतर ऐकतो.

चुकीचं वाद्य, चुकीची वेळ

ख्यालगायनाच्या अल्बमवर सतार. कारण इंटरनेटवर "भारतीय संगीत" शोधलं की सतार मिळते, नाहीतर सरस्वती वीणा. गायकामागे तानपुरा असतो, त्याला सतारीसारखे पडदे, म्हणजे दांडीवर बांधलेल्या आडव्या पट्ट्या, नसतात. हल्ली एआयनं केलेली चित्रं येतात, त्यांत तानपुऱ्याला पडदे, तबला-डग्गा सारख्याच आकाराचे आणि बोटं मोजायची सोय नाही. मिरज इथून एका गाडीच्या अंतरावर आहे, तानपुरे बनवणारी घराणी तिथं पिढ्यान्‌पिढ्या काम करतात. जाऊन एक खरा फोटो काढून आणा.

वेळेचंही तसंच. ललित हा राग पहाटेचा आणि कव्हरवर मावळता सूर्य. भैरवावर चांदणं. मावळतीचं चित्र हवंच असेल तर मारवा किंवा पूरियाधनाश्री गाणारा गवई शोधा. वृंदावनी सारंगाच्या अल्बमवर हिरव्यागार दरीतला धबधबा पाहिला तेव्हा मात्र हसू आवरेना. सारंग दुपारचा राग आहे. एप्रिलमध्ये बारा वाजता आमच्या होटगी रोडला उभं राहून काढलेला कुठलाही फोटो चालला असता.

अक्षर: इथं सगळ्यात जास्त घाण होते

इंग्रजी कव्हरांवर अक्षरं लांब-लांब मांडलेली असतात, ती भारदस्त दिसतात. तेच मराठीत केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे लोंबतात. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, वजन हवं तर अक्षर मोठं किंवा जाड करा. अक्षरांना बाहेरून रेघ मारणं हा फ्लेक्सचा दुसरा वारसा. जिथं दोन अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांत शिरतात, तिथं रेघ आतून उमटते आणि जोड उघडे पडतात.

फोटोशॉपचं टेक्स्ट इंजिन साधं ठेवलं की वेलांटी जागा सोडते. "ललित"चं "ललति" होतं, आणि ज्याला मराठी वाचायची घाई असते त्याला ते छापून येईपर्यंत दिसत नाही. जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय असतो, पुढं त्याला "वर्ल्ड-रेडी" नाव आलं; तो दिसला तर निवडा. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर फॉन्ट नसताना उघडला की रोमन कचरा दिसतो, म्हणून प्रेसला देताना कोरलमध्ये कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच द्या. कर्व्ह केल्यावर पुन्हा एकदा वाचा. अनुस्वार कुठं उडाला, तर रात्री प्रेसमधून फोन येत नाही. येतो तो गवयाचा, आठ दिवसांनी.

आणखी एक बारीक गोष्ट. हिंदी घाटाचा, म्हणजे वळणाचा, "ल" आणि "श" मराठी घाटापेक्षा वेगळा असतो. "देश" किंवा "मल्हार" ही रागांची नावं लिहिताना हे चटकन डोळ्यांत खुपतं, आणि हिंदीतून नाव उचलून चिकटवलं असेल तर "तोडी"च्या पोटाखाली नुक्ता, म्हणजे हिंदीतलं टिंबही आलेलं असतं. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फुकट मिळतो आणि त्यात मराठी घाट आहेत. ओमसारख्या वळणाची रोमन अक्षरं, म्हणजे शिरोरेषा ओढलेलं इंग्रजी, कृपा करून उपाहारगृहांच्या पाट्यांसाठी ठेवा.

सोलापूरची ओळख म्हणून मागं चादरीची नक्षी घालायचा आग्रह दर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा असतो. घाला, पण स्कॅन करून पसरू नका, लहान झाली की ती नुसती किरकिरते. जकार्डचं, म्हणजे चादरीची नक्षी विणणाऱ्या मागाचं, डिझाइन ग्राफ पेपरवर भरतात, चौकोन-चौकोन. धाग्याहून बारीक रेघ तिथं काढताच येत नाही. त्यांच्याकडून हिशेब घ्या: एकच फूल, मोठं, दोन रंगांत.

छपाईला चित्र कडेनं तीन मिलिमीटर जादा सोडा. काळ्या जागेवर बारीक पांढरी अक्षरं टाळा, चार रंगांचे ठसे एकमेकांवर बसताना जरासे हलले की मात्रा बुजतात.

देण्याआधी मी आता दोन कामं करतो. कव्हर खऱ्या मापात छापून कात्रीनं कापतो, आणि फोनवर पाठवून हात लांब करून बघतो. मग ते तबलजी काकांना दाखवतो. चहा पाजावा लागतो, पण ते आधी हात बघतात.