घरच्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करताना क्वालिटीचं सेटिंग कोणतं ठेवावं

साध्या व्हीएचएस कॅसेटवर आडव्या दिशेत जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो. एस-व्हीएचएस आणि हाय-एटवर तो ४०० च्या आसपास जातो. त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये १०८० किंवा फोर-के दिसलं म्हणून हरखून जाऊ नका. फाइल फुगेल, चित्र आहे तेवढंच राहील.  खरं नुकसान होतं ते कॅप्चर करताना चित्राच्या ओळींची संख्या बदलल्याने, मग ती वाढवा की कमी करा.

पाल (PAL, भारतातली टीव्ही पद्धत) कॅसेटचं चित्र ५७६ ओळींचं आणि सेकंदाला २५ फ्रेमचं असतं. एक फ्रेम म्हणजे दोन फील्ड: एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि दोन्ही १/५० सेकंदाच्या फरकाने टिपलेली. स्वस्त यूएसबी कॅप्चर कार्डाचं (प्लेअरचं चित्र संगणकात घेणाऱ्या उपकरणाचं) सॉफ्टवेअर बरेचदा ६४० × ४८०, ३० फ्रेम असंच उघडतं. ५७६ ओळी ४८० मध्ये कोंबल्या की दोन्ही फील्ड एकमेकांत कालवली जातात. धावणाऱ्या मुलाच्या हाताला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या तर घाबरायचं कारण नाही, त्या नंतर निघतात. कालवलेल्या फील्डमध्ये मात्र हाताच्या जागी दुहेरी, धूसर ठसा उरतो आणि तो पुढे कुठल्याच फिल्टरने नीट सुटत नाही. शिवाय २५ च्या ३० करण्यासाठी दर पाचांतली एक फ्रेम दोनदा येते, म्हणून कॅमेरा फिरताना चित्र गचके खातं. तेव्हा पालसाठी ७२० × ५७६, २५ फ्रेम. एनटीएससीसाठी (अमेरिका, जपानमधली पद्धत) ७२० × ४८०, २९.९७ फ्रेम. कॅप्चर करताना डीइंटरलेस (फील्डपासून सबंध फ्रेम बनवणं) बंद.

फाइल शक्यतो लॉसलेस (दर्जा न घटवता लहान केलेली) घ्या: हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१, रंग ४:२:२. तासाला साधारण ३० ते ४० जीबी लागतात. जागेची चैन वाटेल, पण जुन्या टेपवर मुंग्या असतात आणि त्या प्रत्येक फ्रेमला बदलतात. कॉम्प्रेशनच्या लेखी ती सगळी हालचालच. कमी बिटरेट (सेकंदाला वापरला जाणारा डेटा) मुंग्यांवरच खर्ची पडतो आणि चेहऱ्यांवर चौकोन उमटतात. जागा नसेलच तर एमपेग-२, १५ एमबीपीएस. तासाला सुमारे ७ जीबी. डिस्क फॅट३२ असेल तर फाइल ४ जीबीला अडते, हे आधी पाहून ठेवा.

मिनी-डीव्हीत निवडायला काही नाहीच. टेपवर मुळात डिजिटल डेटा असतो. फायरवायरने (कॅमेऱ्याच्या डिजिटल केबलने) तो जसाच्या तसा उतरवा, तासाला १३ जीबी. पिवळ्या पिनेच्या केबलने पुन्हा कॅप्चर करणं म्हणजे हातचं घालवणं.

प्लेअरला एस-व्हिडिओचं सॉकेट असेल तर तेच वापरा. प्लेअरचा शार्पनेस वाढवू नका, कडांना पांढरी किनार येते. उन्हातला पांढरा शर्ट दिसणारा प्रसंग शोधून ब्राइटनेस तपासा. शर्टाच्या चुण्या दिसेनाशा झाल्या तर पातळी खाली आणा, कारण कापला गेलेला उजेड नंतर परत मिळत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, पीसीएम. सर्वांत मोठा आवाज -६ डेसिबलच्या आत.

आता पाच मिनिटांची चाचणी घ्या आणि ड्रॉप्ड फ्रेमचा आकडा बघा. तो वाढत असेल तर झिजलेल्या टेपचा सिंक (ओळी-फ्रेम वेळेवर सुरू करणारा संकेत) डगमगतो आहे. कार्डाला तो पकडता येत नाही, फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो. यावर उपाय टीबीसी, म्हणजे सिग्नलची वेळ सावरणारा टाइम बेस करेक्टर. काही डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता पुढे नेला तरी तो सावरतो.

पाहण्यासाठीची प्रत मूळ फाइलवरून वेगळी काढा: एच.२६४, सीआरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितकं चित्र चांगलं) १८, डीइंटरलेस बॉब पद्धतीने. म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम होऊन पालच्या सेकंदाला ५० मिळतात आणि हालचाल टीव्हीवर दिसायची तशी सलग राहते. दाखवायचं प्रमाण ४:३ ठेवा, नाहीतर चेहरे बारीक किंवा रुंद होतात. तळाशी थरथरणारी आठ-दहा ओळींची पट्टी दिसेल. ती प्रत्येक व्हीएचएसमध्ये असते. या प्रतीत कापा, मूळ फाइलमध्ये राहू द्या.

फील्डचा क्रम अॅनालॉग कार्डांवर बहुधा वरचं आधी, डीव्हीत खालचं आधी. खात्री करायची तर चालणारा माणूस असलेला तुकडा बॉब करून एकेक फ्रेम पुढे न्या. पाऊल पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे पडत असेल तर क्रम उलटा लागला आहे.