ठरावीक टक्क्यांवर लोड चालू-बंद: बॅटरी मॉनिटरचा रिले कसा सेट करावा

बॅटरी मॉनिटर बहुतेक जण बॅटरीत किती टक्के चार्ज उरला ते बघायला लावतात आणि तेवढ्यावरच थांबतात. मागच्या बाजूचे रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) टर्मिनल रिकामेच राहतात. खरं म्हणजे बॅटरी किती उतरली की फ्रीज बंद करायचा, कधी जनरेटर सुरू करायचा, ही रोजची कटकट तो रिले सांभाळू शकतो. इथे उदाहरणाला व्हिक्ट्रॉनचा बीएमव्ही-७१२ घेतला आहे. दुसऱ्या कंपनीचा मॉनिटर असेल तर मेनूतली नावं बदलतील, पण हिशेब हाच.

आधी रिलेची ताकद ओळखा. हा संपर्क ६० व्होल्ट, १ अँपिअरपर्यंतचा आहे आणि तो स्वतः व्होल्टेज देत नाही, फक्त दोन तारा जोडतो किंवा सोडतो. त्यामुळे पंप, हीटर किंवा इन्व्हर्टरची मुख्य तार त्यातून नेऊ नका. त्याच्याकडून मोठ्या रिलेची किंवा कॉन्टॅक्टरची (जड करंटच्या स्विचची) कॉइल चालवा आणि खरा लोड, म्हणजे वीज खाणारं उपकरण, त्या मोठ्या रिलेवर टाका. डीसी कॉइल असेल तर तिच्यावर उलटा डायोड लावा, नाहीतर कॉइल सुटताना उठणारा व्होल्टेजचा झटका मॉनिटरचा छोटा संपर्क हळूहळू जाळतो. कॉइलच्या तारेत छोटा फ्यूजही हवाच.

टक्के खरे आहेत का?

हा टप्पा लोक हमखास गाळतात. रिले टक्क्यांवर चालणार आणि टक्के म्हणजे मॉनिटरने मांडलेला हिशेब: शंटमधून (निगेटिव्ह तारेत बसवलेल्या करंट मोजणाऱ्या पट्टीतून) किती करंट आला, किती गेला. म्हणून प्रत्येक लोड आणि प्रत्येक चार्जरची निगेटिव्ह तार शंटच्या सिस्टीमकडच्या बाजूलाच हवी. एक जरी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला गेली, की तो करंट हिशेबाबाहेर राहतो.

मग बॅटरीची क्षमता भरा. कारखान्यातून ती २०० अँपिअर-अवर अशी येते. तुमची १०० ची असेल आणि आकडा तसाच राहिला, तर बॅटरी पूर्ण रिकामी झाली तरी मॉनिटर ५० टक्क्यांच्या आसपास दाखवत बसेल. लिथियम बॅटरी असेल तर प्यूकर्ट (जास्त करंट ओढला की क्षमता किती घटते तो आकडा) १.०५ आणि चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के ठेवा. मूळ आकडे लेड-अॅसिडच्या हिशेबाने असतात.

‘चार्ज्ड व्होल्टेज’ चार्जरच्या फ्लोट व्होल्टेजपेक्षा (बॅटरी भरल्यावर चार्जर जे टिकवून ठेवतो त्यापेक्षा) ०.२ ते ०.३ व्होल्टने कमी ठेवा. व्होल्टेज याच्या वर, करंट क्षमतेच्या ४ टक्क्यांखाली (२०० अँपिअर-अवरला ८ अँपिअर) आणि असं ३ मिनिटं राहिलं, की मॉनिटर बॅटरी भरली असं धरून १०० वर येतो. बॅटरी कधीच पूर्ण भरत नसेल तर हिशेबातली चूक साठत जाते. मग रिले ४० टक्क्यांना सुटला म्हणून प्रत्यक्षात ४० टक्केच उरलेत असं नाही.

दोन आकडे, एक नव्हे

रिलेला दोन सीमा लागतात. मेनूतला क्रमांक १६, ‘एसओसी रिले’ (एसओसी म्हणजे उरलेल्या चार्जचे टक्के): चार्ज याच्या खाली गेला की संपर्क जुळतो. क्रमांक १७, ‘क्लियर एसओसी रिले’: चार्ज याच्या वर चढला की संपर्क सुटतो. मूळ आकडे ५० आणि ९०. दुसरा आकडा पहिल्याहून कमी ठेवता येत नाही, आणि दोन्हींत भरपूर अंतर ठेवलेलं बरं. ४० आणि ४१ ठेवलेत तर जरा ऊन आलं की लोड चालू, ढग आला की बंद, असा खेळ दिवसभर चालेल. माझ्या मते २० टक्क्यांचं अंतर ही चांगली सुरुवात. एक बारकावा: स्क्रीनवरचा ‘उरलेला वेळ’ही क्रमांक १६ पर्यंतच मोजला जातो. हा आकडा वाढवला की तो वेळ घटलेला दिसेल, घाबरू नका.

आता दिशा. जनरेटर सुरू करायचा असेल तर चार्ज उतरल्यावर संपर्क जुळायला हवा, म्हणजे मूळ वागणूकच योग्य. लोड तोडायचा असेल तर उलट: चार्ज पुरेसा असताना जुळलेला, उतरल्यावर सुटलेला. त्यासाठी क्रमांक १२, ‘इन्व्हर्ट रिले’, चालू करा. याच युक्तीने जादा सौर वीजही वापरता येते. १६ ला ७० आणि १७ ला ९० ठेवून इन्व्हर्ट चालू केलं, की ९० च्या वर पाण्याचा हीटर सुरू होईल आणि ७० च्या खाली बंद. बॅटरी वाचवायला लोड तोडायचा असेल तर याच जागी ४० आणि ६० टाका, बाकी काही बदलत नाही.

आकडे भरणं सोपं आहे. ‘सेटअप’ बटण दोन सेकंद दाबून धरा, अधिक-वजा बटणांनी क्रमांकापर्यंत जा, ‘सिलेक्ट’ने आत शिरून आकडा बदला. फोनवर व्हिक्ट्रॉनकनेक्ट हे अॅप असेल तर तेच काम ब्लूटूथने जास्त निवांत होतं. क्रमांक ११, म्हणजे रिले मोड, ‘डीएफएलटी’वर (डीफॉल्ट, म्हणजे मूळ मोडवर) असू द्या. आकडे बदलतच नसतील तर सेटिंग लॉक केलेलं आहे का ते पाहा.

लोड जोडण्यापूर्वी चाचणी करा. समजा स्क्रीनवर ७६ टक्के आहेत. आधी क्रमांक १७ ला ९० आणि मग १६ ला ८० करा. मॉनिटरला आता बॅटरी उतरलेली वाटेल आणि आतून बारीक ‘टक्’ ऐकू येईल. क्रमांक १३ वर रिलेची स्थिती दिसते, पण मल्टिमीटर कंटिन्युटीवर ठेवून संपर्क खरंच जुळला की सुटला हे बघा, कारण इन्व्हर्टची गफलत तिथेच पकडली जाते. नंतर १६ ला ६० आणि १७ ला ७० करा. ७६ हे ७० च्या वर असल्याने रिले परत फिरायला हवा. झालं की खरे आकडे भरा.

जनरेटरवाल्यांनी क्रमांक १४ आणि १५ ही बघावेत. १४ म्हणजे रिले एकदा जुळला की निदान किती मिनिटं जुळलेला राहील. १५ म्हणजे सुटण्याची अट किती मिनिटं टिकली तर तो खरंच सुटेल. जनरेटर सुरू होऊन लगेच बंद पडणं टळतं. चाचणी करताना मात्र हे दोन्ही शून्यावर ठेवा, नाहीतर रिले बिघडला समजून तारा उलट्यापालट्या कराल.

क्रमांक १८ आणि १९ हे व्होल्टेजचे आकडे आहेत. टक्क्यांचा हिशेब चुकला तर राखीव म्हणून ते भरून ठेवता येतात, पण जरा खालचे ठेवा: कंप्रेसरसारखा मोठा लोड चालू असताना व्होल्टेज जरा खाली राहतं आणि तेवढ्याने लोड तुटायला नको. लिथियम बॅटरीत हा रिले बीएमएसच्या (बॅटरीच्या स्वतःच्या संरक्षण सर्किटच्या) जागी वापरायचा नाही, तो बीएमएसच्या आधी काम करण्यासाठी आहे. बीएमव्ही-७१२ चा रिले बायस्टेबल आहे, म्हणजे मॉनिटरची वीज गेली तर तो होता त्याच स्थितीत राहतो. म्हणून मॉनिटरच्या पॉझिटिव्ह तारेचा फ्यूज उडाला तर लोड आपोआप तुटेल, असं धरून चालू नका.