तीस मुलांच्या वर्गात एकेका मुलासोबत कसं बसायचं

आरटीई कायद्यात प्राथमिकला 30 मुलांमागे 1 शिक्षक धरलाय, त्यामुळे एकेकाला वेगळा वेळ द्या म्हटलं की सगळे म्हणतात वेळ कुठाय. पण निघतो, रोज 6 मुलं धरा, प्रत्येकी 5-6 मिनिटं, शनिवार सोडून आठवड्यात सगळी 30 होतात.

आधी बाकीच्यांना काम लावून द्या, हे जमलं नाही तर पुढचं काहीच जमत नाही. जोडीनं उदाहरणं, वाचन कोपरा, काहीही चालेल, फक्त सोपं हवं म्हणजे दर मिनिटाला "बाई, आता काय करू" होत नाही.

मग मुलाला टेबलाशी बोलावू नका, तुम्हीच त्याच्या शेजारी खाली जाऊन बसा. टेबलाशी बोलावलं की पोरगं आधीच घाबरतं, त्याला वाटतं काहीतरी चुकलं.

आता खरं काम. एकच उदाहरण द्या आणि बोलत बोलत सोडव म्हणा. समजा 52 - 27 चं उत्तर 35 आलं, तर लगेच चूक म्हणू नका, "कसं केलंस सांग ना" एवढंच विचारा आणि गप्प बसा, ते सांगेल की 2 मधून 7 जात नाहीत म्हणून 7 मधून 2 घालवले. म्हणजे वजाबाकी येतेय, दशक सुटा करणं कळलेलं नाही! काड्या घ्या, दहा-दहाचे 5 गठ्ठे आणि 2 सुट्ट्या, आणि गठ्ठ्याचं रबर त्यालाच काढू द्या, 12 सुट्ट्या झालेल्या त्याच्याच हातात दिसतात. त्याची पेन्सिल घेऊन आपण सोडवून दाखवायचा मोह फार होतो, तो टाळाच.

कधी अडचण वजाबाकीत नसतेच. "सत्तावीस" ऐकून 72 लिहिणारी मुलं असतात कारण आधी सात ऐकू येतो, एकोणचाळीसला तर 49 लिहितात. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस सात" असं वाचन आलं त्यामागे हीच अडचण होती, तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मला ते उपयोगी वाटतं, अशा मुलाकडून मी दोन्ही म्हणवून घेते.

उठायच्या आधी वहीत दोन ओळी लिहा, तारीख आणि नेमकं काय अडलं. पुढच्या आठवड्यात त्याच प्रकारचं दुसरं द्या, 64 - 28 वगैरे, काड्या जवळ ठेवा पण त्याने मागितल्या तरच द्या.