बेसमेंटच्या तोंडाची जाळी तुंबली? या चुका टाळा

पुण्यात तासभर जोराचा पाऊस झाला की सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगमध्ये पाणी शिरल्याचे फोटो येतात आणि कोणीतरी लगेच बांबू घेऊन रॅम्पच्या जाळीत खुपसायला लागतं. जरा थांबा, आधी पाणी कुठे अडलंय ते बघा. रॅम्पच्या पायथ्याचं गटार बहुतेक ठिकाणी रस्त्यावरच्या पावसाळी पाण्याच्या लाईनपेक्षा खालच्या पातळीवर असतं, त्यातलं पाणी आपोआप बाहेर जात नाही, ते संपमध्ये (पाणी गोळा करायच्या खड्ड्यात) उतरतं आणि पंप ते वर फेकतो. म्हणून संपचं झाकण उघडून वरूनच बघा, संप काठोकाठ भरलेला असेल तर आधी पंपाकडे बघा, आणि संप रिकामा असून जाळीवर पाणी साचलं असेल तर मधला पाईप तुंबलाय.

पंप बंद असेल तर बऱ्याचदा फ्लोट (पाणी वाढलं की पंप चालू करणारा तरंगता स्विच) अडकलेला असतो, पिशवी गुंडाळली जाते त्याला. पण हात घालायच्या आधी एमसीबी पाडून पंपाची वीज बंद करा, आणि पॅनलपर्यंत पाणी पोचलं असेल तर जवळही जाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

पाईप तुंबला असेल तर वरून जोरात पाणी मारणं ही सगळ्यात कॉमन चूक. टायरची माती, गुलमोहराची बारीक पानं, फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं धुतलेलं सिमेंट हे सगळं पुढच्या बेंडमध्ये जाऊन घट्ट बसतं. आधी जाळी उचला, थापीने गाळ सुटा करून घमेल्यात भरून बाहेर काढा, मग रॉड घालून कचरा मागे ओढा, पुढे ढकलू नका, आणि पाणी सगळ्यात शेवटी. सिमेंट आत धरलं असेल तर जेटिंगवाला (मशीनच्या दाबाच्या पाण्याने पाईप साफ करणारा) बोलवावाच लागतो.

अ‍ॅसिड ओतू नका! माती आणि पानं त्याने विरघळत नाहीत, काँक्रीट मात्र खाल्लं जातं, आणि आधी कोणी ब्लिचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो, तोही अशा खोलगट जागेत जिथे तो खालीच साचून राहतो. संपमध्ये तर कोणालाही उतरवायचं नाही, वॉचमनला नाही, रोजावरच्या माणसालाही नाही. कुजलेल्या गाळातला वायू क्षणात माणूस बेशुद्ध पाडतो.

अजून एक गोष्ट खूप सोसायट्यांत दिसते. गाडी गेली की जाळी खडखडते, तळमजल्यावाल्यांची झोपमोड होते (त्यांची तक्रार रास्तच आहे), मग जाळी वेल्ड करून टाकतात आणि पुढच्या पावसाळ्यात ती उघडतच नाही. त्यापेक्षा कडेला रबराची पट्टी बसवा, आवाज बराच कमी होतो. उंदरांसाठी वर बारीक जाळी लावली असेल तर तीही काढा, पहिल्याच सरीत पानांनी बंद होते.

आणि टेरेसचा पाईप रॅम्पवर सोडलाय का ते आजच बघा. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. तासाला 50 मिमी पाऊस धरला तर 60 चौरस मीटरच्या रॅम्पवर 3,000 लिटर येतं, पण 300 चौरस मीटरच्या टेरेसचं 15,000 लिटर येतं, एवढं पाणी साफ गटारालाही झेपेलच असं नाही. तो पाईप वरच्या पावसाळी चेंबरला वळवून घ्या, ड्रेनेज लाईनला जोडू नका, कारण ती भरली की मैलापाणी उलटं येतं. साफसफाई मे महिन्यात करा, आणि परतीच्या पावसाआधी सप्टेंबरमध्ये परत एकदा, तोपर्यंत गाळ पुन्हा बसलेला असतो.