पुराची रेघ आम्ही रंगवून टाकली होती

सांगलीत पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती चढलं. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. त्या पुरानंतर पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात बायकांच्या बचत गटासाठी आमच्या आर्किटेक्ट ऑफिसनं हळद दळायची-साठवायची एक इमारत केली. खाली नुसते खांब, वर दळणाची जागा आणि गोदाम, पोती चढवायला बाजूनं रॅम्प. २०२१ च्या सुरुवातीला काम पूर्ण झालं आणि जुलैत पुन्हा पूर आला. पाणी खांबांमधून फिरून गेलं. वरची हळद कोरडी राहिली.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी ही इमारत आर्किटेक्चरच्या एका राष्ट्रीय पुरस्कारासाठी पाठवली. पुण्याहून फोटोग्राफर येणार होता, म्हणून आधी खांबांवरची चिखलाची रेघ घासून काढली आणि वर पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. फोटो देखणे आले. संध्याकाळचा उजेड, मागं ऊस, जिन्यावर उभी एक मुलगी. एंट्री पहिल्याच फेरीत बाहेर गेली.

का गेली ते मला पुढच्या वर्षी कळलं. माझे एक शिक्षक दुसऱ्या एका पुरस्काराचे समन्वयक होते. ज्युरीच्या तीन दिवसांसाठी त्यांना मदतीला माणसं हवी होती, मी गेले. एंट्र्या लावायच्या, गुणांचे तक्ते भरायचे, चहा-पाणी बघायचं आणि तोंड बंद ठेवायचं. पहिल्यांदाच एंट्री पाठवणाऱ्यांसाठी हे सगळं लिहिते आहे, कारण आर्किटेक्चर कॉलेजात पाच वर्षं आपण दर सेमिस्टरला परीक्षकांसमोर "ज्युरी" देतो आणि त्यामुळे पुरस्काराची ज्युरीही तशीच असेल असं धरून चालतो. तसं नसतं. कॉलेजात तुम्ही आपल्या रेखाचित्रांच्या शीटशेजारी उभे असता, राहिलेलं तोंडानं सांगता येतं. इथं तुमच्या वतीनं बोलायला कुणी नसतं.

सगळ्यात आधी छाननी होते, आणि तिथं ज्युरी नसतेच. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक आहे का (१९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनंतर हा क्रमांक असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही), इमारत पूर्ण झाल्याचा कागद, मालकाचं संमतीपत्र, फोटोग्राफरची परवानगी. शीटवर नाव नको असं नियमात असेल, तर कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकमधलं तुमच्या ऑफिसचं नावही चालत नाही. एका चांगल्या शाळेची एंट्री यातच बाद झाली, बघून जीव हळहळला. आणखी एक गोंधळ नवी मुलं नेहमी करतात. स्पर्धा आणि पुरस्कार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धेत न बांधलेल्या डिझाइनमधून एक निवडतात, पुरस्कार बहुतेक वेळा उभ्या राहिलेल्या, वापरात असलेल्या इमारतीला देतात. स्पर्धेचे रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेली चित्रं, पुरस्काराच्या शीटवर चिकटवले की परीक्षकांना लगेच शंका येते.

पहिल्या फेरीत एका एंट्रीला तीन-चार मिनिटं मिळतात. परीक्षक एकमेकांशी न बोलता आपापले गुण टाकतात. त्या खोलीत मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेला प्रश्न होता, "सेक्शन कुठाय?", म्हणजे इमारत उभी कापल्यासारखी दाखवणारं रेखाचित्र. त्याच्या खालोखाल "उत्तर कुठं आहे?", म्हणजे उत्तर दिशा. आठ शीट पाठवून साइट प्लॅनवर उत्तर न दाखवणारी ऑफिसं आहेत यावर माझा आधी विश्वास बसला नसता. मग माझी स्वतःची एंट्री आठवली. उत्तर होती, सेक्शनही होता. पण सेक्शनमध्ये पुराची पातळीच नव्हती. ती इमारत खांबांवर का उभी आहे, हे आठ शीटमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं. सांगलीच्या माणसाला ते सांगावं लागत नाही, म्हणून मी सांगितलं नव्हतं. दिल्ली-अहमदाबादच्या परीक्षकाला ते खांब म्हणजे केवळ एक आवड वाटली असणार.

दुसऱ्या दिवशी चर्चा सुरू झाली. तिथल्या पद्धतीप्रमाणे गुण कमी पडलेली एंट्रीसुद्धा एखादा परीक्षक "मला ही परत बघायची आहे" म्हणून राखून ठेवू शकत होता. एका परीक्षकांच्या जुन्या विद्यार्थ्याचं घर आलं तेव्हा ते स्वतःहून उठले आणि त्या घरावरची चर्चा संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसून राहिले. मला फार बरं वाटलं. ओळखीशिवाय काही होत नाही असं आपल्याकडे सहज बोललं जातं. मी जे पाहिलं त्यात वाद होता, आवाज चढले होते, पण वाद इमारतींवरच होता. एका गटात शेवटी पुरस्कार कुणालाच दिला नाही. दोन तास बोलून, सगळ्यांच्या संमतीनं.

आपण जिल्ह्याच्या गावात काम करतो, आपल्याला कोण विचारणार, ही भीती मात्र काढून टाका. आर्किटेक्चरचा आंतरराष्ट्रीय आगा खान पुरस्कार १९७७ मध्ये सुरू झाला, तो दर तीन वर्षांनी देतात. त्यांची पद्धत नव्यांनी आवर्जून समजून घ्यावी. ज्युरीनं निवडलेल्या प्रत्येक कामावर एक जाणकार प्रत्यक्ष जातो, वापरणाऱ्यांशी बोलतो, मोजमापं तपासतो, मग ज्युरीसमोर येऊन अहवाल मांडतो. १९९८ च्या फेरीत त्यांनी आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यातलं कुष्ठरुग्णांचं रुग्णालय निवडलं होतं. दोन तरुण नॉर्वेजियन आर्किटेक्टांचं, साध्या स्थानिक साहित्यातलं काम. त्याआधी १९९५ ला इंदूरच्या अरण्य वसाहतीला पुरस्कार मिळाला. तिचे आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी पुण्यात जन्मलेले, पुढं २०१८ मध्ये प्रित्झकर हा आर्किटेक्चरमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार मिळवणारे पहिले भारतीय. त्यांनी अरण्यमध्ये बऱ्याच कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नव्हतं. चौथरा, संडास-न्हाणी, फार तर एक खोली. बाकीचं लोकांनी ऐपतीप्रमाणे वाढवत न्यायचं. अशा कामाचं मोल चकचकीत फोटोत दिसत नाही, वापरात दिसतं.

दोन वर्षांनी मी तीच इमारत पुन्हा पाठवली. पूर्ण झाल्याची मुदत अजून नियमात बसत होती, तुम्हीही ती तारीख आधी तपासा. पहिल्या शीटवर फोटोग्राफरचा एकही फोटो घेतला नाही. गटाच्या अध्यक्ष मावशींच्या मोबाइलमधला जुलै २०२१ चा फोटो लावला. गढूळ पाणी, वर दाराशी रचलेली पोती आणि खांबाला दोरीनं बांधलेली काहील. होडी नव्हती म्हणून मावशींचा मुलगा काहिलीत बसून आला होता. त्याच शीटवर खाली सेक्शन, आणि त्यात २०२१ ची रेघ. टिपण दीडशे शब्दांत बसवलं. इमारत कुणासाठी, कुठल्या अडचणीवर, किती पैशांत, आणि पुरानंतर काय झालं, एवढंच. "संवाद", "अवकाश", "प्रवास" हे तिन्ही शब्द गाळले. ज्युरीच्या खोलीत ते मोठ्यानं वाचले जाताना मी इतक्यांदा ऐकले होते की मला ते परत लिहवेनात.

या वेळी एक परीक्षक बाई बघायला आल्या. त्यांना मिरज स्टेशनवरून घेतलं. गाडीत मी आमच्या कामाबद्दल सुरू केलं तर त्या म्हणाल्या, "आत्ता नको. तिथं बघू." पोचल्यावर त्यांनी मावशींना बोलावलं, संडासाचं कुलूप उघडायला लावलं, नळ सोडून पाहिला. मग चिखलाची रेघ कुठाय असं विचारलं. सुदैवानं मागच्या, उसाकडच्या खांबाला रंगाऱ्याचा हात लागायचा राहिला होता. त्यावर रेघ तशीच होती. बाईंनी पर्समधून टेप काढली. माझ्या सेक्शनमध्ये रेघ जमिनीपासून २.१ मीटरवर, टेपवर मोजून २ मीटर. "दहा सेंटिमीटर कुठं गेले?" माझी जीभ टाळ्याला चिकटली. मावशीच म्हणाल्या, "पुरानंतर मुरूम टाकला नव्हं आम्ही, चार इंच." बाईंनी लिहून घेतलं.

तुमच्याकडे कुणी आलं तर वापरणाऱ्यांना काही शिकवून ठेवू नका. मी नको तितक्या सूचना देऊन ठेवल्या होत्या, एकही पाळली गेली नाही आणि त्यानंच काम झालं. बाईंनी मावशींना सरळ विचारलं, काय चुकलंय? मावशींनी रॅम्पकडे बोट केलं. "पावसात पाय सरकतो. डोक्यावर पोतं असलं की भ्या वाटतं." रॅम्पचा उतार मी नियमात बसवला होता, पण ओल्या पावलांचा आणि पन्नास किलोच्या पोत्याचा विचार केला नव्हता. बाईंनी तेही लिहिलं. मग त्या स्वतः चपला काढून दोनदा वर-खाली चालून आल्या.

मुख्य पुरस्कार दुसऱ्या कामाला गेला, आम्हाला विशेष उल्लेख मिळाला. मानपत्रात पुराच्या पातळीचा उल्लेख आहे, आणि खाली एका ओळीत रॅम्प सुधारायची सूचनाही. मेमध्ये, पाऊस लागायच्या आत, आम्ही त्याला आडव्या खाचा मारून घेतल्या आणि एका बाजूनं पाइपचा कठडा बसवला. आता दर पावसाळ्यात मावशी मला फोटो पाठवतात.