गुलाबाचा वाण विचारता, खुंटही विचारा

खरड छाटणीच्या दिवसांत नाशिकचा द्राक्ष बागायतदार नवीन बागेचा विषय निघाला की आधी विचारतो, "खुंट कोणता, डॉगरिज का?" तोच माणूस जानोरी-मोहाडीकडं पॉलिहाऊसमध्ये गुलाब लावताना फक्त वाण विचारतो. खुंट म्हणजे ज्याच्यावर वाणाचं कलम बांधतात ते मुळाकडचं झाड. फूल वाणाचं असतं, मुळं खुंटाची. आणि सूत्रकृमीचं, म्हणजे मुळांवर जगणाऱ्या बारीक जंतासारख्या किडीचं, भांडण मुळाशी आहे.

व्हॅलेंटाइन आणि लगीनसराईचा माल काढून थकलेले बेड मोडून पावसाळ्यात नवी लागवड करायची असेल, तर तयारी आत्ता एप्रिलमध्येच लागते.

आधी मूळ बघा. दांडे आखूड, कळी बारीक, खतपाणी वेळेवर असूनही पानं पिवळी, आणि हे सगळं बेडभर नसून चट्ट्याचट्ट्यानं असेल तर शंका घ्या. एक झाड मातीसकट खणून काढा. ओढून उपटलं की बारीक मुळं तुटून मातीतच राहतात, आणि बघायचं ते नेमकं त्यांच्यावरच असतं. बादलीत हलक्या हातानं धुवा. सूत्रकृमीनं टोमॅटोच्या मुळावर मोठाल्या गाठी होतात, तशा इथं शोधू नका. गुलाबात त्या बऱ्याचदा मोहरी-ज्वारीच्या दाण्याएवढ्याच असतात. नखानं खरडल्या तरी निघत नाहीत, कारण मूळच फुगलेलं असतं. गाठ नाही, पण मुळांवर तपकिरी डाग आहेत आणि तंतुमुळं झडलीत, तर तो डाग पाडणारा दुसरा सूत्रकृमी असू शकतो. बुरशीनंही असंच दिसतं, म्हणून माती तपासा. बेडच्या आठ-दहा जागांवरून 15 ते 30 सें.मी. खोलीची, मुळांलगतची ओलसर माती थोड्या मुळांसह पिशवीत घ्या आणि सावलीत ठेवा. गाडीच्या डिकीत तापलेला नमुना नेऊन उपयोग नाही. कुठं द्यायचा हे कृषी विज्ञान केंद्रात विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात सूत्रकृमीवर काम चालतं.

आता गुलाबाचे खुंट. इंडिका आपल्या चुनखडीच्या जमिनीत तग धरतो, पण सूत्रकृमीच्या बाबतीत त्याच्यावर विसंबू नका. मल्टिफ्लोराच्या काही निवडी गाठी करणाऱ्या एका जातीला, मेलॉयडोगायनी हॅप्लाला, चांगला विरोध करतात. पण विम्ल, म्हणजे सामू जास्त असलेल्या जमिनीत मल्टिफ्लोराला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. शिवाय हॅप्ला थंड हवेतला. आपल्या तापणाऱ्या जमिनीत इन्कॉग्निटा आणि जावानिका या जाती जास्त. एका जातीला अडवणारा खुंट दुसरीलाही अडवेलच असं नाही. पॉलिहाऊसमधला नाताल ब्रायर लोक फुटव्यासाठी आणि दांड्यासाठी घेतात, सूत्रकृमीसाठी नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या वाळूत फॉर्च्युनियाना हा खुंट सूत्रकृमीसाठीच वापरतात. कुठं मिळालाच तर चार ओळींवर बघा, एकदम एकर नको.

"आमचं रोप नेमाटोडला (सूत्रकृमीला) दाद देत नाही," असं कुणी म्हणालं तर कोणत्या जातीला, हे विचारा. आणि खुंट प्रतिकारक आहे की नुसता सहनशील, तेही विचारा. प्रतिकारक खुंटावर कृमी वाढत नाही. सहनशील खुंटावर झाड हिरवंगार दिसतं आणि खाली कृमीची पैदास चालूच राहते. पुढच्या पिकाला ती व्याजासकट मिळते.

रोपं उतरवताना दहा-बारा पिशव्या फोडून मुळं बघाच. मी एकदा रोपवाटिकेवाल्याच्या भिडेखातर बघितली नाहीत, आणि तीन महिन्यांनी तीच मुळं स्वतःच्या बेडमध्ये गाठींसकट बघितली. सूत्रकृमी स्वतःहून वर्षाला मीटरभरही सरकत नाही. रोप, माती, पाणी आणि औजारं यांच्यासोबत आपणच त्याला आणतो. टोमॅटोच्या वावरातून उचललेली माती पॉलिहाऊसमध्ये भरू नका.

जुनी मुळं वेचून जाळा. माती उन्हानं तापवायला बेड भिजवून 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद पसरा, कडा मातीनं दाबा आणि चार ते सहा आठवडे हात लावू नका. मल्चिंगचा काळा कागद इथं चालत नाही. ऊन वरच्या वीतभर थरातच काम करतं, म्हणून त्यावरच थांबू नका. कागद काढल्यावर एकरी 8 क्विंटल निंबोळी पेंड, सोबत पर्प्युरिओसिलियम लिलासिनम ही सूत्रकृमीवर वाढणारी उपयोगी बुरशी टाकून ओल राखा. लागवड लांबणार असेल तर मधे झेंडू घ्या, दसऱ्याची वाट बघायची गरज नाही. फोरेट हे कीटकनाशक 2020 च्या अखेरीपासून बंद आहे. कुणी मागच्या दारानं दिलं तरी घेऊ नका. दुसरं कोणतंही औषध असो, लेबलवर गुलाब आहे का ते वाचा.

कागद निघाला की बेडची माती चार कुंड्यांत भरून गावठी टोमॅटोची रोपं लावा. संकरित नकोत, त्यांतली काही सूत्रकृमीला प्रतिकारक असतात आणि चाचणीच फसते. पाच-सहा आठवड्यांनी मातीसकट काढून मुळं धुवा. गाठी दिसल्या तर गुलाबाच्या रोपांची ऑर्डर पुढं ढकला.