अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज करण्याआधी: क्रेडिट कार्ड कर्जदारांसाठी तयारीची यादी

वसुलीवाल्यांच्या फोनचा धसका घेऊन दिवाळखोरी ठरवू नका. आधी कागद गोळा करा. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी) फुकट मिळतात, ते काढा. प्रत्येक कार्डापुढे बाकी, व्याजदर, शेवटचा हप्ता कधी भरला आणि सोबत आणखी कोणाचं नाव आहे का, हे लिहा. मित्राकडून किंवा भावाकडून घेतलेले हातउसने रिपोर्टात दिसत नाहीत, पण अर्जात तेही दाखवावे लागतात.

मग गणित मांडा. ३०,००० डॉलरच्या बाकीवर २४ टक्के व्याज असेल तर महिन्याला ६०० डॉलर नुसत्या व्याजातच जातात. पाच वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ८६३ डॉलर बसतो. घरभाडं, किराणा, गाडी, विमा भागवून एवढे उरतात का? थोडेच कमी पडत असतील तर ना-नफा क्रेडिट समुपदेशन संस्थेकडे जा. त्या व्याज कमी करून घेऊन तीन ते पाच वर्षांची परतफेड बसवून देतात. कार्ड कंपनीशी थोड्या रकमेत तडजोड करताना एक गोष्ट लक्षात ठेवा: माफ झालेली रक्कम साधारणपणे उत्पन्न धरून तिच्यावर कर लागतो. दिवाळखोरीत माफ झालेल्या कर्जावर तो लागत नाही.

कर्ज कसलं आहे तेही बघा. कार्डांची बाकी आणि दवाखान्याची बिलं सहसा माफ होतात. मुलांची पोटगी होत नाही आणि शैक्षणिक कर्ज क्वचितच होतं. उत्पन्न फक्त सोशल सिक्युरिटीचं (सरकारी निवृत्तिवेतनाचं) असेल आणि मालमत्ता काहीच नसेल, तर कार्ड कंपनीला तुमच्याकडून वसूल करण्यासारखं फारसं नसतंच. अशांना अर्जाची गरजच नसते बऱ्याचदा.

चॅप्टर ७ म्हणजे हप्ते न बांधता कर्ज माफ करणारी दिवाळखोरी. तिच्यासाठी उत्पन्नाची चाचणी असते. अर्जाच्या आधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं उत्पन्न दुप्पट करून तुमच्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडतात. मार्चमध्ये बोनस मिळाला असेल तर सप्टेंबरच्या अर्जात तो धरला जातो, ऑक्टोबरच्या अर्जात नाही. चाचणीत बसला नाहीत तर बहुधा चॅप्टर १३ उरतं, म्हणजे तीन ते पाच वर्षं हप्ते. कार्डावर जामीनदार असेल तर चॅप्टर ७ मध्ये कंपनी त्याच्या मागे लागते, हे त्याला आधीच सांगा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अर्जाआधीच्या व्यवहारांत. निवृत्तीच्या ४०१(के) खात्याला संरक्षण असतं, ते मोडून कार्डं फेडू नका. पैसे जातात आणि अर्ज करायची वेळ तरीही येते. मागच्या वर्षभरात आईवडिलांचं उसनं फेडलं असेल तर ट्रस्टी, म्हणजे तुमचं प्रकरण तपासायला नेमलेला अधिकारी, ती रक्कम त्यांच्याकडून परत मागू शकतो. दोन वर्षांत गाडी किंवा घर फुकटात कोणाच्या नावावर केलं असेल तर तेही उकरलं जातं. शेवटच्या ९० दिवसांत एकाच कार्डावर ९०० डॉलरच्या वर चैनीची खरेदी, किंवा ७० दिवसांत १,२५० डॉलरच्या वर रोख उचल झाली असेल, तर तेवढं कर्ज माफ न होण्याचा धोका असतो. ठरत आलं की कार्डं वापरणं थांबवा. आणि भारतातला फ्लॅट, सातबाऱ्यावरचा वाटा, तिथली बँक खाती सगळं दाखवा. मालमत्ता जगात कुठेही असली तरी कायद्याच्या कक्षेत येते आणि लपवली तर माफी नाकारली जाते, वर फौजदारी गुन्हाही होतो.

कोर्टाचं समन्स आलं असेल तर मुदतीत उत्तर द्याच. नाहीतर एकतर्फी निकाल लागतो आणि बऱ्याच राज्यांत हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांपर्यंत कापला जाऊ शकतो.

वकिलाकडे जाताना ६० दिवसांच्या पगारपावत्या, करविवरणपत्रं, बँकेचे उतारे, घर-गाडीचे कागद न्या. चॅप्टर ७ ची कोर्ट फी ३३८ डॉलर आहे, ती हप्त्यांनी भरता येते; वकिलाची वेगळी. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेचं समुपदेशन झालेलं हवं. अर्ज दाखल होताच वसुलीचे फोन थांबतात, पण आर्थिक शिक्षणाचा दुसरा वर्ग त्यानंतर करायचा असतो. त्याचं प्रमाणपत्र कोर्टात पोचलं नाही तर कर्जमाफी न देताच प्रकरण बंद होतं.